रॅप ऐकून मुलगा हिंसक झाला का? परभणीकडच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचा मुलगा नववीत आहे, पंधरा वर्षांचा. वर्षभरापासून कानात इअरफोन आणि हिंदी-मराठी रॅप. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत त्यानं वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात स्टीलची पाण्याची बाटली घातली. चार टाके पडले. शाळेतून सांगण्यात आलं, "असली गाणी ऐकूनच बिघडलाय." घरी वडिलांनी मोबाइल काढून घेतला, तेव्हा पोरानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. ताई विचारतात, "रॅपमुळे मुलं हिंसक होतात हे खरं का? गाणी कायमची बंद करू का?"

ताई, मी बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते. पहिली नऊ वर्षं निरीक्षणगृहात, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि कायद्याच्या भाषेत ज्यांना विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात त्या मुलांबरोबर. नंतर मराठवाड्यातल्या शाळा, वसतिगृहं आणि शिकवण्यांच्या खोल्यांवर राहणारी मुलं. मारामारी करून आलेली शेकडो मुलं समोर बसली. खाली ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. रॅपबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. कोणती गाणी, किती वेळ, त्यात किती शिव्या. आणि मध्येच एक वाक्य आहे: "त्या रात्री मिस्टरांनी पट्ट्यानं मारलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच." मी त्या "नेहमीपेक्षा"पाशी थांबले. तुम्ही ते सहज लिहून पुढं गेलात. पण माझ्या कामात मी आधी त्या शब्दाकडे बघते, गाण्याकडे नंतर.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते. गाणं दोषी की निर्दोष हे ठरवून तुमच्या हाती फारसं लागणार नाही. तुम्हाला खरी भीती आहे ती ही की माझं लेकरू पुन्हा कुणाला मारेल का, आणि स्वतःला काही करून घेईल का. त्याचं उत्तर शोधताना गाणं उपयोगी पडतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. ते पुढं सांगते.

आधी संशोधनाचं, कारण "सायन्सनं सिद्ध झालंय" असं कुणीतरी तुम्हाला सांगणारच. अमेरिकेत २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या पाचशेहून जास्त मुलांना हिंसक शब्दांची आणि साध्या शब्दांची गाणी ऐकवली. हिंसक शब्द ऐकल्यावर मनात वैराची भावना आणि आक्रमक विचार वाढलेले दिसले. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्यांनी विचार आणि भावना मोजल्या होत्या, कुणी कुणाला मारलं का हे मोजलं नव्हतं. परिणाम थोड्या वेळापुरता असू शकतो, हे त्या संशोधकांनीच म्हटलं. आणि त्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगातलं गाणं रॅपचं नव्हतंच, रॉकचं होतं.

त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास अलाबामा राज्यातल्या ५२२ कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलींचा. वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. रॅपचे व्हिडिओ जास्त बघणाऱ्या मुलींमध्ये शिक्षकांवर हात उचलण्याचं प्रमाण तिप्पट निघालं. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्या मुलीचं घरी धड चाललेलं नाही, दिवसभर विचारायला कुणी नाही, ती तासन् तास व्हिडिओ बघते आणि तीच शाळेत भांडते, असंही असू शकतं. ऊसतोडीच्या हंगामात आजीजवळ राहिलेली पोरं मोबाइल जास्त बघतात आणि शाळेतही जास्त गैरहजर राहतात. मोबाइल काढून घेतला म्हणून आई-बाप कारखान्यावरून परत येत नाहीत.

शिवाय रॅपनं हिंसा वाढत असती तर ते सगळ्यात आधी अमेरिकेत दिसायला हवं होतं. तिथं हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण १९९१ च्या सुमारास सर्वाधिक होतं, लाखामागे साडेसातशेच्या वर. २०१४ पर्यंत ते चारशेच्या खाली आलं. याच काळात रॅप वाढत वाढत २०१७ मध्ये हिपहॉप, म्हणजे रॅप ज्यात येतं ते संगीत, आणि त्याच्या जवळचं आर अँड बी मिळून तिथला सर्वात जास्त ऐकला जाणारा संगीतप्रकार झाला. रॅपमुळे गुन्हे कमी झाले असं मी म्हणत नाही, त्याची कारणं पुष्कळ आहेत. पण गाणं वाढलं की गुन्हा वाढतो, हा हिशेब जुळत नाही.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९६ मध्ये एका संशोधक बाईंनी पोलिसाला मारल्याचं वर्णन असलेल्या एका जुन्या लोकगीताचे शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे कंट्री आहे, म्हणजे तिकडच्या ग्रामीण भागातलं संगीत. शब्द तेच, काना-मात्रेचा फरक नाही. ज्यांना रॅप म्हणून सांगितलं त्यांना ते जास्त घातक वाटलं. वीस वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, निष्कर्ष तोच आला. म्हणजे आपण शब्द ऐकायच्या आधीच गाणाऱ्याकडे बघून घाबरलेले असतो. तुमच्या शाळेनं मुलाच्या मोबाइलमधलं एक तरी गाणं पूर्ण ऐकलं होतं का, हे विचारून बघा.

आता आपल्याकडचं. शिवजयंतीला आपण तिसरी-चौथीच्या पोरांकडून अफजलखानाच्या वधाचा पोवाडा म्हणून घेतो. शिवकाळातल्या शाहीर अज्ञानदासापासून ही परंपरा आहे. कोथळा बाहेर काढल्याचं वर्णन येतं, डफावर थाप पडते, आणि समोर बसलेल्या आया पोरांचा व्हिडिओ काढतात. हे पोरगं उद्या वाघनखं घेऊन शेजाऱ्यावर जाईल अशी भीती कुणाला वाटत नाही. कारण ते एकटं नसतं. ही गोष्ट कुणाची, का घडली, हे कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. ऐकणारे चारशे लोक समोर असतात.

रागाचं गाणंही आपल्याला नवं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत वस्त्यांमध्ये, जलशांमध्ये किती रागाची गाणी गायली गेली! नामांतराच्या विरोधात घरं ज्यांची जाळली गेली होती, गाणी त्यांनी केली. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं बालपण त्या दिवसांत गेलं. ते म्हणायचे, गाणं नसतं तर आम्ही तो राग ठेवला कुठं असता?

रॅपचा जन्मही फार वेगळ्या जागी झालेला नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जिथं त्या वर्षांत इमारतीमागून इमारत जळत होती, तिथं ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीनं शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता. हिपहॉपची सुरुवात त्या संध्याकाळपासून धरतात. पुढं त्यात बंदुका आल्या, बायकांबद्दल घाण आली, पैशाचा माज आला. ते मला अजिबात आवडत नाही आणि मुलांना मी तसं तोंडावर सांगते. पण मुळात ते आपल्या गल्लीचं म्हणणं आपल्या भाषेत मांडायचं साधन होतं. आपल्या पोरांनीही ते त्याचसाठी उचललंय.

एक मुलगा सांगते. निरीक्षणगृहात आला तेव्हा सोळा वर्षांचा, बीडकडचा. आई-बाप ऊसतोडीला. त्यानं मुकादमाच्या पुतण्याला दगडानं मारलं होतं. गावातून आलेला प्रत्येक माणूस मला सांगायचा, "मॅडम, मोबाइलवरची गाणी ऐकून वाया गेलं ते पोरगं." दहा-बारा दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. मग एक दिवस खिशातून वहीचा कागद काढला. आठ घड्या घातलेला, घड्यांवर शाई पुसलेली. त्यानं स्वतः लिहिलेलं रॅप होतं. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

उचल फिटंना, साल सरंना,
बापाची मान काही वर व्हईना.

उचल म्हणजे तोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. मी विचारलं, मान वर का होत नाही? तेव्हा त्यानं सांगितलं. दिवाळीनंतर गाडी भरताना मुकादमानं त्याच्या बापाला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. बाप काही बोलला नाही, खाली बसून पायताण शोधत राहिला. पोरगं गाडीच्या टपावरून बघत होतं. त्यानंतर तीन महिन्यांनी तो दगड. मधल्या तीन महिन्यांत त्यानं हे लिहिलं. "ते म्हणायलो की डोकं शांत व्हतंय," असं तो म्हणाला. मग दगड का मारला? "त्या दिवशी त्यानं पुन्हा बापावरून काढलं."

त्या मुलाच्या गाण्यात सगळं होतं. तीन महिन्यांत एका तरी मोठ्या माणसानं तो कागद वाचला असता तर? मी असं म्हणते तेव्हा त्याचा गुन्हा माफ करत नाही. त्या पुतण्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, ती त्या मुलालाही रोज आठवायला लावली आम्ही. पण गाण्यानं त्याला दगडापर्यंत नेलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर माझं उत्तर अर्धं राहील. गाण्याचा हात असतो अशी प्रकरणंही मी बघितली आहेत. लातूरकडच्या एका शहरात पाच-सहा पोरांचा ग्रुप. वाढदिवसाला तलवारीनं केक, बॅनरवर गॉगल घातलेले फोटो, आणि स्टेटसला एक गाणं, ज्यात समोरच्या गल्लीतल्या पोराचं नाव घालून आव्हान दिलेलं. समोरून उत्तर आलं. चार दिवस स्टेटसवर स्टेटस, पाचव्या दिवशी बसस्टँडमागे डोकी फुटली. तिथं गाणं काडी होतं यात शंका नाही. मिरवणुकीत दुसऱ्यांच्या दारासमोर मुद्दाम आवाज वाढवून वाजवलेली गाणीही त्याच जातीची. ते बहुतेक वेळा रॅप नसतंच, डीजेवरचं कसलंही गाणं असतं. मी बघते ते एवढंच: गाण्याला पत्ता आहे का? खऱ्या माणसाचं, खऱ्या गल्लीचं, खऱ्या समाजाचं नाव घेऊन ते पाठवलेलं आहे का? पत्ता असेल तर ते भांडण आहे, चालीवर म्हटलेलं. तिथं मी लगेच हालचाल करते.

आणि त्या पोरांना मोठेपणा कुठून शिकायला मिळाला, हेही बघा. गावात ज्याच्यामागे दहा गाड्या फिरतात, ज्याला पोलीस स्टेशनात खुर्ची मिळते, ज्याच्या नावापुढं लोक भीतीनं "भाऊ" लावतात, तो त्यांना रोज दिसतो. हिंसेचा फायदा होतो हे त्यांनी चौकात बघितलंय, इअरफोनमधून त्याची ओळख व्हायची गरज नव्हती.

तुमच्या मुलाचं नक्की काय आहे हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर आहेत. ज्याला बाटली लागली त्या मुलानं आधी काही केलं होतं का? आडनावावरून, रंगावरून, वडिलांच्या कामावरून चिडवत होते का? तुमचा मुलगा रात्री किती झोपतो? घरी किती मार खातो, आणि तुम्हालाही त्याच्यासमोर मार बसतो का? याचं उत्तर इथं देऊ नका, पण स्वतःला खरं द्या. बावीस वर्षांत हात उचलणारी जी मुलं मी बघितली, त्यांच्यात रॅप न ऐकणारी पुष्कळ होती, पण घरी मार न खाल्लेली किंवा न बघितलेली फार थोडी. पट्टा लेकराला एकच गोष्ट शिकवतो: राग आला आणि समोरचा लहान असेल तर मारायचं असतं. मधल्या सुट्टीत त्यानं तेच केलं.

म्हणून पहिलं काम पट्टा बंद करण्याचं. मिस्टरांशी तुम्हाला एकटीनं बोलता येत नसेल तर ज्यांचं ते ऐकतात अशा माणसाला मध्ये घ्या, थोरले दीर असोत, मामा असोत, नाहीतर शाळेतले एखादे सर. वडिलांना दोषी ठरवायला बसू नका. बहुतेक बापांना आपला पोरगा हातातून जाईल ही भीतीच असते आणि त्यांच्या बापानं त्यांना दुसरं काही दाखवलेलं नसतं. त्यांना विचारा, पट्ट्याचा इतकी वर्षं उपयोग झाला का?

मोबाइल परत द्या, पण रात्री दहानंतर तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आणि घरातल्या सगळ्यांचेच. झोप कमी झालेलं पंधरा वर्षांचं पोर चिडकं होतंच, मग ते भजन ऐकत जागो की रॅप. गाणी कायमची बंद करून तो दुसऱ्याच्या मोबाइलवर ऐकेल, आणि तुम्हाला त्याच्या मनात डोकवायची जी एक खिडकी होती ती बंद होईल.

मग त्याच्याजवळ बसून त्याचं आवडतं एक गाणं ऐका. पूर्ण. तोंड वाकडं न करता. हे मी प्रत्येक मुलाबरोबर करते. इअरफोन काढून स्पीकरवर लावायला सांगते. एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिलीय की आता वाट बघते तिची: शिवी यायच्या आधी पोरगं आपोआप आवाज कमी करतं. अंगठा बरोबर त्या जागी येतो. मॅडमसमोर हे नको, हे त्याला कळतं. ज्याला कुठं आवाज कमी करायचा हे कळतं, त्याला गाणं आणि खरं जगणं यातला फरक कळतो. अशा पोराची मला फार काळजी वाटत नाही. जे पोरगं माझ्याकडे रोखून बघत आवाज वाढवतं, त्याच्याशी मी जास्त वेळ बसते.

ऐकून झाल्यावर एवढंच विचारा, यातली कुठली ओळ तुला सगळ्यात आवडते? आणि गप्प बसा. उपदेश करू नका, निदान त्या दिवशी तरी. तो जी ओळ सांगेल ती लिहून ठेवा. एखादं पोरगं म्हणतं, "मला कुणी विचारत नव्हतं" ती ओळ. एखादं म्हणतं, "आईसाठी घर बांधीन" ती ओळ. त्या ओळीपासून बोलायला सुरुवात होते. तो स्वतः काही लिहीत असेल आणि तुम्हाला दाखवेल, तर वहीतलं शुद्धलेखन काढत बसू नका.

दुसरीकडे ज्याचं डोकं फुटलं त्या लेकराला विसरू नका. टाक्यांचा, औषधांचा खर्च तुम्ही द्या, आणि मुलाला घेऊन त्यांच्या घरी जा. माफी त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत. त्याला चिडवलं गेलं असेल तर ते शाळेत स्वतंत्रपणे मांडा, पण माफीच्या दारात "पण त्यानंही" हे शब्द नकोत. शाळेतही त्याला मार बसत असेल तर तो थांबवा, हे मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरच्या घरी थांबू नका. दप्तरात चाकू, कोयता, फायटर असं काही. एका ठरावीक मुलाचं नाव पुन्हा पुन्हा घेऊन "बघतोच त्याला". मुक्या जनावरांना छळणं. गोळ्यांची नशा, ज्याला आमच्याकडे शहरात पोरं "बटन" म्हणतात. स्वतःला इजा करणं. यातलं शेवटचं तुमच्याकडे घडलंय. भिंतीवर डोकं आपटणं हे नाटक समजू नका. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथं जाईपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, रात्रीही. घरात लेकराला धोका वाटला तर १०९८.

समोरच्या पालकांनी पोलिसांत तक्रार दिली तर घाबरून मुलाला नातेवाइकांकडे लपवू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, ताब्यात घेतलं तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. मंडळापुढं त्याच्या मोबाइलमधल्या गाण्यांपेक्षा घरची आणि शाळेची माहिती कामाला येते. ती खरी द्या, पट्ट्यासकट.

पहिल्या दिवशी तो तुम्हाला गाणं ऐकवणार नाही, हे धरून चला. "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणेल. तेव्हा म्हणा, नाहीच कळत, म्हणून तर विचारायले. भाकरी थापताना, तो ओट्याजवळ पाणी प्यायला येतो तेव्हा विचारा, समोरासमोर बसवून नको. तीन-चार दिवस लागतील. त्यानं जे गाणं लावलं आणि जी ओळ सांगितली ती इथंच लिहा, मग पुढचं बोलू.